मोरूभाऊचे चोवीस तास

मोरूभाऊचं मराठी दहाव्या वर्षी थांबलं होतं. अमरावतीहून आईवडिलांबरोबर तो अमेरिकेला आला तेव्हा चौथीत होता, आणि पुढची चाळीस वर्षं त्याने तेच चौथीतलं मराठी सांभाळून ठेवलं. सहा फूट उंच, पांढऱ्या मिशांचा, नखांत ग्रीस बसलेला हा माणूस तोंड उघडायचा आणि आतून हाफ पँटमधलं वऱ्हाडी पोरगं बोलायला लागायचं. "मले भूक लागली." "तुह्या घरात इतकी थंडी काऊन हाये बे?" मोठ्या माणसांचे शब्द त्याच्याकडे नव्हतेच. घटस्फोट, मूत्रपिंड, पश्चात्ताप, यांतला एकही शब्द त्याला ठाऊक नव्हता. त्याचा स्वतःचा घटस्फोट झाला होता, पण त्याबद्दल तो म्हणायचा, "आमची कट्टी झाली. मंग बट्टी झालीच नाही."

मी नेपरव्हिलला राहतो. सकाळची गाडी पकडून शिकागोला जातो, संध्याकाळी परत येतो. पुण्याहून इथे आलो त्याला बावीस वर्षं झाली. मोरूभाऊ माझ्या आयुष्यात आला तो बर्फ काढायच्या मशीनमुळे. एका जानेवारीत गुडघाभर बर्फ पडला आणि मशीन सुरूच होईना. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, तर तीन जणांनी एकच उत्तर दिलं : मोरू इंगोलेला बोलवा.

मंडळात त्याची ओळख एवढीच होती. तो शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. गणपतीचं मखर उभं करायचंय, मोरूला बोलवा. माइक चालत नाही, मोरूला बोलवा. कुणाच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, मोरूला बोलवा. काम झालं की लोक त्याला जेवायला थांबवायचे, पण कुणाच्या टेबलावर बसायचं हे त्याला कळायचं नाही. आमच्या टेबलांवर प्रमोशन, ग्रीन कार्डची रांग, मुलांची कॉलेजं. तो ताट घेऊन मुलांच्यात जाऊन बसायचा. मुलं त्याच्याशी इंग्रजीत बोलायची, तो त्यांच्याशी मराठीत, आणि दोन्हीकडचं वय साधारण सारखंच असायचं.

मशीन त्याने वीस मिनिटांत सुरू केलं. मी म्हणालो, "तुम्ही आत या ना, चहा घ्या." त्याने मागे वळून पाहिलं.

"तुम्ही कोण बे? मी तं एकटाच आलो."

तेव्हापासून मी त्याला 'तू' म्हणायला लागलो. त्या दिवशी माधवीने, माझ्या बायकोने, पिठलं आणि ज्वारीची भाकरी केली होती. मोरूभाऊने भाकरीचा तुकडा मोडला, नाकाशी नेला आणि बराच वेळ नुसता धरून बसला. मग माधवीकडे बघून म्हणाला, "अजून एक देशीन?" त्यानंतर दर रविवारी अकराला त्याचा जुना ट्रक आमच्या दारात उभा राहायचा. काही दुरुस्त करायचं नसलं तरी तो काहीतरी शोधून काढायचा, कारण नुसतं जेवायला येणं त्याला बरं वाटायचं नाही.

मी त्याचं मराठी सुधारायचा प्रयत्न केला, हे आज लिहितानाही कसंतरी होतं. "मले नाही मोरूभाऊ, मला." तो शहाण्या मुलासारखा तीनदा म्हणायचा, "मला, मला, मला." आणि पुढच्याच वाक्यात, "मले थोडं पिठलं दे." एकदा मी फारच मागे लागलो तेव्हा म्हणाला, "माह्या आईनं जशी देली तशी हाये. बदलून काऊन घेऊ?"

त्याच्या सवयी विचित्र होत्या. हात धुताना तो कोपरापर्यंत धुवायचा आणि मनात शंभरपर्यंत आकडे म्हणायचा. त्या वेळी कुणी बोललं तर आकडा चुकायचा आणि तो पुन्हा एकपासून सुरू करायचा. घरात येताना बूट तर काढायचाच, पण ते बाहेर ओल्या फडक्यावर ठेवायचा. सतरंजी कुणी झटकायला लागलं की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

याचं कारण मला आमच्या बेसमेंटमध्ये कळलं. एका नोव्हेंबरात मी तिथली भिंत मशीनने घासत होतो. पांढरी धूळ उडून दिवाही दिसेनासा झाला होता. मोरूभाऊ जिना उतरून आला, क्षणभर थबकला, आणि एकदम अंगावर आल्यासारखा धावला. मशीनची वायर उपटली, माझी कॉलर धरली, मला ओढत वर गॅरेजमध्ये नेलं आणि म्हणाला, "कपडे काढ."

"अरे, पण बाहेर थंडी..."

"काढ म्हणतो ना बे! झटकू नको. नुसते काढ."

मी चड्डीवर कुडकुडत उभा राहिलो. त्याने माझे कपडे पिशवीत भरले, ओल्या फडक्याने माझे केस पुसले, कान पुसले. एवढा मोठा हात, पण आई पुसते तसा पुसत होता.

"मोरूभाऊ, नुसता चुना आहे रे तो."

"तुले काय मालूम काय हाये? आमालेही नव्हतं मालूम."

मग माधवीने चहा केला आणि स्वयंपाकघरात बसून त्याने सांगितलं. तो अमेरिकेच्या सैन्यात होता हेही आम्हाला तोपर्यंत माहीत नव्हतं. कॉलेज जमेना म्हणून एकोणिसाव्या वर्षी तो भरती झाला. वडील इंजिनिअर. त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. आपल्या लोकांत असं कुणी करत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. दोन वर्षांनी पहिलं आखाती युद्ध झालं आणि मोरूभाऊ वाळवंटात पोचला. त्याचं काम लढायचं नव्हतं. निकामी झालेले रणगाडे साखळ्या लावून ओढून आणायचे, हे त्याच्या तुकडीचं काम. त्यांतले काही रणगाडे अमेरिकेच्याच बाजूच्या तोफगोळ्यांनी चुकून फुटलेले होते. ते गोळे होते डिप्लीटेड युरेनियमचे. अणुभट्टीचं इंधन तयार करताना जो जड धातू मागे उरतो, तो. लोखंडात तो लोण्यासारखा घुसतो, आणि घुसताना जळून त्याची बारीक भुकटी होते.

"काजळासारखी," मोरूभाऊ म्हणाला. "इतकी बारीक. मी आत उतरायचो ना साखळी लावाले, तं भुवयांत बसायची, दातांत बसायची. आम्ही तिथंच बसून सँडविच खाल्ले. मी बोटानं त्याच्यावर नावबी लिहिलं, मोरू म्हणून. मराठीत. कोणाले वाचता येत नव्हतं ना, म्हणून."

आठ-दहा दिवसांनी पांढरे सूट आणि मास्क घातलेली माणसं आली, हातात किर्र किर्र करणारं यंत्र. त्यांनी लांबूनच हात हलवून यांना रणगाड्यावरून खाली उतरायला सांगितलं.

"आम्ही हसलो बे. म्हटलं, हे काय चंद्रावर चालले का?"

तो सांगतानाही हसला. मग उठला आणि हात धुवायला गेला. आतून पाण्याचा आवाज येत राहिला.

मी अर्थातच नंतर इंटरनेट उघडून बसलो आणि भलतंसलतं वाचून घाबरलो. पुढच्या रविवारी मी त्याला सांगायला लागलो, की कॅन्सर होतो म्हणे, मुलं व्यंग घेऊन जन्मतात म्हणे. त्याने भाकरी खाली ठेवली. "असं बोलू नको. तुले मालूम नाही. मलेबी मालूम नाही. डॉक्टर लोक म्हणतात, ज्याच्या अंगात तुकडे घुसले त्याच्या सूमधून ते निघत राहते. बाकीच्यांचं बहुतेक नॉर्मल येते. किडनीले वाईट असते, जास्त गेलं तं. एवढंच मालूम हाये." लघवी हा शब्द त्याला माहीत नव्हता. चौथीतला मुलगा जे म्हणेल तेच तो म्हणायचा, आणि त्यात त्याला काही गमतीचं वाटत नसे.

"मग तू टेस्ट केलीस का?"

"नाही."

"तीस वर्षांत एकदाही नाही?"

त्याने भाकरी पुन्हा उचलली. उत्तर मिळालं आणखी काही महिन्यांनी. एका रविवारी माधवी बाहेर गेली होती आणि आम्ही दोघंच अंगणात टोमॅटोची रोपं लावत होतो.

युद्धावरून तो परत आला तेव्हा त्याचे आईवडील इथून दोन तासांवरच्या गावात राहत होते. वडील अजून बोलत नव्हते, पण आईला आनंद मावत नव्हता. तिने त्याची हिरवी पिशवी उघडली. एकेक कपडा मागच्या दारात नेऊन झटकला. मशीन वाळूने खराब होईल म्हणून सगळे कपडे टबात हाताने धुतले. झटकताना खोकत होती आणि हसत होती. म्हणाली, "एवढी माती आणली का रे, चिमणीचं घर होईल इतकी."

"अन् मी आत होतो," मोरूभाऊ म्हणाला. "सोफ्यावर. टीव्ही पाहून राहिलो होतो. मले तं त्या चंद्रावाल्यांनी सांगतलं होतं ना, की हे चांगलं नाही म्हणून. मी म्हटलंच नाही, आई, झटकू नको."

बारा वर्षांनी आईची मूत्रपिंडं गेली. तिला कित्येक वर्षं मधुमेह होता. डॉक्टर म्हणाले, त्यामुळेच.

"बरोबर असन त्याचं. शुगर तं होतीच. पण मले कसं मालूम होईन?"

तो हातातलं रोप तसंच धरून बसला होता. त्याचा हिशोब साधा होता, आणि तो त्याने मला लहान मुलाला समजावावा तसा समजावला. तो त्या भुकटीत लोळला होता. आईने फक्त झटकली होती. त्याच्याच अंगात काही निघालं नाही, तर आईच्या अंगात कुठून येणार? मग आईचं जे झालं ते साखरेमुळे झालं. आणि निघालं तर?

"म्हणून तं केली नाही," तो म्हणाला.

विचारून तर बघ, असं म्हणणारा मीच. त्याचा फॉर्म मी भरला. माजी सैनिकांच्या इस्पितळात फोन मी लावून दिला. तिथली बाई फार चांगली होती. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांशी गाठ घालून दिली, आणि ऑगस्टअखेरीस त्याच्या दारात एक खोकं येऊन पडलं. त्यात प्लास्टिकचा मोठा कॅन आणि एक सूचनापत्र. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, त्यानंतर चोवीस तासांतली प्रत्येक वेळची त्या कॅनमध्ये जमा करायची. एकही वेळ चुकली तर नमुना बाद. कॅन थंड ठेवायचा. मोरूभाऊने ते पत्र मला चार वेळा वाचायला लावलं. सप्टेंबरातला एक शनिवार ठरवून त्याच्या कॅलेंडरवर मीच लाल गोल केला. म्हणालो, "त्या दिवशी घरातून हलायचं नाही."

पुढे त्याच शनिवारी माझ्याकडे गणपतीचं जेवण ठरलं. चतुर्थी आठवड्याच्या मध्ये आली होती, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे पाहुणे शनिवारी बोलावले होते. साठ माणसं. मंडळाच्या अध्यक्ष नीलिमाताई, सगळी कमिटी. पुढच्या वर्षी अध्यक्ष कोण याची बोलणी चालली होती आणि माझं नाव पुढे होतं. ते मला हवंही होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही. सकाळी दहाला एसी बंद पडला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि घरात मोदक वाफवायला ठेवलेले. कंपनीचा माणूस सोमवारशिवाय येणार नव्हता.

मी मोरूभाऊला फोन केला.

"आज नाही जमत बे. आज माह्यं चालू हाये. सातले सुरू केलं."

"मला माहितीये रे. फक्त एक तास. कॅन बरोबर घेऊन ये ना. साठ लोक येतायत, मोरूभाऊ."

तो आला. निळा कूलर, त्यात बर्फ, बर्फात कॅन. मी कूलर खालच्या बाथरूममध्ये ठेवायला सांगितलं. तासाभरात एसी सुरू झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुलं "मोरूकाका, मोरूकाका" करत त्याला लोंबकळली. तो निघाला होता. आरती होऊ दे, मोदक खाऊन जा, असा आग्रह कुणी केला? मीच.

नीलिमाताई बाथरूममध्ये गेल्या आणि कूलर हातात घेऊनच बाहेर आल्या. "काय रे, एवढा बर्फ भरलेला कूलर बाथरूममध्ये काय करतोय? फ्रिजमध्ये जागा नाही, श्रीखंड ठेवते यात." त्यांनी तो स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवला. शेजारी नैवेद्याचं ताट होतं. झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं. "हे काय, पन्हं आहे का?"

मोरूभाऊ मुलांच्या घोळक्यातून घाईघाईने आला. "नाही नाही, ठेव ते. माह्यी सू हाये."

स्वयंपाकघरात वीसएक माणसं होती. सगळे आधी कॅनकडे, मग त्याच्याकडे बघायला लागले. एक मुलगा फिस्सकन हसला. मोरूभाऊला वाटलं लोकांना नीट कळलं नसावं, म्हणून त्याने समजावून सांगितलं, "चोवीस तासाची जमा करून राहिलो. टेस्टले पाठवायची हाये."

"अहो, नैवेद्याच्या शेजारी!" नीलिमाताई किंचाळल्या आणि हात धुवायला धावल्या. मग एकेक करून सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले.

एक वाक्य पुरलं असतं. हा माणूस युद्धावर गेला होता, तिथे त्याच्या अंगात काय शिरलं ते तपासायला हे चाललंय, एवढं म्हणालो असतो तर त्या वीसातल्या निम्म्यांनी तरी मान खाली घातली असती. नीलिमाताईसुद्धा वाईट बाई नाहीत. पण माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. मी कूलर उचलला, गॅरेजमध्ये नेला. मोरूभाऊ मागे आला.

"मोरूभाऊ, तुम्ही हे प्लीज गाडीत ठेवा. घरात गणपती आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "गाडीत गरम होईन ना बे."

"बर्फ आहे ना त्यात. थोडा वेळ तर आहे. आणि लगेच जाऊ नका, लोकांना वाटेल मीच तुम्हाला घालवलं."

त्याने कूलर ट्रकमध्ये ठेवला आणि तो परत आत आला. आरती लांबली, पंगती लांबल्या. चारपर्यंत तो मुलांमध्ये बसून होता. त्या वेळात तो दोनदा बाथरूमला गेला. दोन्ही वेळा दाराकडच्या वाटेवर माणसंच माणसं होती. "तुह्या पाहुण्यांच्या मधून कॅन घेऊन कसा जाऊ?" हे त्याने मला नंतर सांगितलं. चार वाजता तो ट्रकमध्ये बसला तेव्हा बर्फाचं कोमट पाणी झालं होतं.

रविवारी अकराला ट्रक आला नाही. मी फोन केला.

"फेकलं बे," तो म्हणाला. "दुसरा डबा पाठवतो म्हणे ती बाई."

दुसरा डबा ऑक्टोबरच्या शेवटी आला. तोपर्यंत मोरूभाऊ इस्पितळात होता. आधी न्यूमोनिया, मग रक्तात संसर्ग, आणि दहा दिवसांनी दोन्ही मूत्रपिंडं बंद पडली. याचा युरेनियमशी काही संबंध होता, असं मी म्हणत नाही. कुणीच म्हणालं नाही. त्याला रक्तदाब होता, घरात मधुमेह होता. पण आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि लघवी जवळजवळ थांबली. दुसऱ्या डब्याबद्दल त्याने डॉक्टरांना विचारलं तेव्हा मी खुर्चीशेजारी होतो. डॉक्टरबाई मृदू आवाजात म्हणाल्या की आता पुरेसा नमुना मिळणार नाही, आणि मिळाला तरी त्या आकड्यावरून काही सांगता येणार नाही.

मोरूभाऊने मान डोलावली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मंग आता नाहीच मालूम होणार."

शनिवारी डायलिसिसला न्यायचं मी ठरवून टाकलं होतं. एका शनिवारी जाताना गाडीतच मी बोललो. रस्ता निसरडा होता, म्हणून नजर समोर ठेवायला निमित्त होतं. "मोरूभाऊ, त्या दिवशी गणपतीचं काही नव्हतं. मी गणपतीचं नाव पुढे केलं. मला लोकांची लाज वाटली."

"हाव. मालूम हाये मले."

"कधीपासून?"

"तू मले तुम्ही म्हणाला ना, तवाच."

माझ्या डोळ्यांपुढचं सगळं पुसट झालं. माफ कर, असं काहीतरी मी पुटपुटत होतो. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवला आणि गाडी सरळ केली.

"गाडी चालवताना रडू नको बे. बर्फ हाये."

माफ केलं, असं तो कधी म्हणाला नाही. तो शब्द त्याला येत होता की नाही, मला माहीत नाही. पण मधल्या एका रविवारी त्याने मला घरी बोलावलं, आमच्या माळ्यावरच्या पंख्यासाठी जुना पार्ट शोधून ठेवला होता तो द्यायला. बसवायला तोही माझ्याबरोबर आला, पण त्याला शिडीवर चढवेना. मग खाली उभा राहून तो सांगत गेला आणि मी बसवला. "उलटा नको बे. उलटा नको. हाव, आता बरोबर."

फेब्रुवारीत तो गेला. पहाटे घरी, झोपेत, हृदय थांबलं. त्याची बहीण सुनंदा अल्फारेटाहून आली. ती इथेच जन्मलेली, तिला मराठी समजतं पण बोलवत नाही. अंत्यविधीला मंडळाचे पुष्कळ लोक आले होते. लष्कराच्या दोन तरुण शिपायांनी घडी घातलेला झेंडा सुनंदाच्या हातात दिला तेव्हा नीलिमाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "अरे, हा आर्मीत होता? आम्हाला कुणी सांगितलंच नाही." मी म्हणालो, "हो, मी सांगायला हवं होतं." त्या थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या आणि मग सुनंदाजवळ जाऊन बसल्या. अध्यक्षपदासाठी माझं नाव मी मागे घेतलं होतं. त्याने काही भरून निघत नाही, हेही मला कळतं.

त्याची आठवण येते ती अशा वेळी येत नाही. ती रविवारी येते. अकराच्या सुमारास रस्त्यावर ट्रकचा आवाज आला की माधवी हातातलं काम थांबवते. मी तिच्याकडे बघत नाही. पिठल्यात मीठ कमी पडलं तर त्याच्यासारखं मोकळेपणाने सांगणारं आता कुणी नाही. परवा जेवताना माझ्याच तोंडून गेलं, "मले थोडी चटणी दे." माधवीने वाटी पुढे केली. माझ्या पन्नाशीला कुणीतरी मला 'बे' म्हणावं, पोरासारखं रागवावं, कान पुसावेत, असं वाटतं, आणि तो माणूस आता या गावात नाही.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते मात्र सांगायला हवं. तो गेला त्याच्या आधीचा शनिवार. डायलिसिस संपत आलं होतं आणि मी त्याचा कोट घेऊन आत गेलो. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ झोपले होते आणि त्यांच्याजवळ त्यांचा जावई बसला होता. चाळिशीचा, डोक्यावर लष्करी टोपी. मोरूभाऊ नळ्यांसकट त्याच्याकडे वाकून बोलत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती, त्याने मला पाहिलं नाही. मी प्रथमच त्याचं इंग्रजी इतका वेळ ऐकत होतो. इंग्रजीत तो पन्नाशीचा होता. खालच्या, जाड आवाजात, तोलून बोलणारा जुना शिपाई.

तो माणूस नंतरच्या इराक युद्धात होता. जळलेल्या गाड्या ट्रकवर चढवायचं काम.

"मास्क होते?"

"कधी होते, कधी नव्हते. पण मला काही त्रास नाही."

"त्रास नाही तेव्हाच विचारायचं असतं," मोरूभाऊ म्हणाला. "नंतर माझ्यासारखं होतं, पाठवायला काही उरत नाही. बहुतेक काही निघणार नाही रे. तेच तर ऐकायचं असतं."

त्या माणसाने अपॉइंटमेंटचा कागद उलटा केला आणि पेन काढलं. मोरूभाऊ एकेक सांगत गेला. फोन कुठे करायचा. सकाळची पहिली सोडून द्यायची. नंतरची एकही चुकवायची नाही. बर्फ दोनदा बदलायचा. तो माणूस लिहीत होता. मी दाराशी कोट धरून उभा होतो. पुढे यावं की मागे जावं ते मला कळत नव्हतं.

"झालं एवढंच?" त्याने विचारलं.

मोरूभाऊने जरा विचार केला.

"आणि त्या दिवशी कुणाच्या घरी जायचं नाही," तो म्हणाला. "कितीही जवळचा असला, कितीही बोलावलं, तरी."

तो माणूस हसला, आणि त्याने तेही लिहून घेतलं.